थेंब मोजणारी मुलं

शाळेतला एक गळका नळ घ्या. सेकंदाला एक थेंब पडतोय. दिवसभर त्याच्या शेजारून सगळी शाळा ये-जा करते, पण कुणी थांबत नाही. मग एक दिवस दोन मुलं मोजपात्र आणि घड्याळ घेऊन तिथं बसतात. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर भरतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार-भागाकार केला की रोज चार लिटरांहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांच्या वर पाणी वाहून गेल्याचं दिसतं. ‘पाणी वाचवा’ असा फलक रंगवणारं मूल आणि स्वतः काढलेला हा आकडा घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत जाणारं मूल, यांच्यात मला फार मोठा फरक दिसतो.

शाळांमधल्या पर्यावरण उपक्रमांचा कस इथेच लागतो. प्रश्न कुणाचा आहे, मोठ्यांनी नेमून दिलेला की मुलांनी शोधलेला? १९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ इथं झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेनंतर, १९९४ साली युरोपात सुरू झालेला ‘इको-स्कूल्स’ हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे. त्याच्या सात पायऱ्यांतली पहिली आहे मुलांचा सहभाग असलेली समिती. दुसरी आहे शाळेची पाहणी. वीज, पाणी, कचरा यांची आजची स्थिती आधी तपासायची, कृतीचा आराखडा त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण सुरुवातीचा आकडाच नसेल तर वर्षअखेरीस काही बदललं का, हे सांगणार कसं?

कचऱ्याचंच पाहा. मुलं हातमोजे घालून आठवडाभराचा कचरा वेगळा करतात, वजन करतात आणि ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरवतात. पंधरा दिवसांत ढिगाला कुबट वास सुटतो. अशा वेळी शिक्षकांनी घाईघाईनं तो ढीग सारखा करू नये, असं मी कळकळीनं सांगेन. खरं विज्ञान त्या वासात आहे. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि शरीर बांधायला नायट्रोजन. वजनानं साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन, हे प्रमाण त्यांना मानवतं. भाज्यांच्या सालींत नायट्रोजन भरपूर, वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर. नुसत्या साली टाकल्या तर जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबतो. ढीग चिंब झाला तर हवा आत शिरत नाही. मग प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा ढिगातून मिथेनही निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

म्हणजे उपायही वासातच सापडतो. मुलं पालापाचोळा मिसळतात, ढीग खालीवर करतात आणि तापमापी खुपसून बसतात. ढीग पुरेसा मोठा असेल तर काही दिवसांत पारा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. बाहेरून कसलीही उष्णता न देता! डोळ्यांना न दिसणारे जीव श्वसन करत आहेत, याचा याहून जिवंत पुरावा वर्गात बसून मिळायचा नाही.

अशा मोजमापाची किंमत शाळेपुरतीच नसते. १९९५ पासून चालू असलेल्या ‘ग्लोब’ कार्यक्रमात अनेक देशांतली मुलं ढग, तापमान, माती, पाणी यांच्या नोंदी पाठवतात. उपग्रह ढगांचा वरचा भाग पाहतो, मूल खालून पाहतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की शास्त्रज्ञांना उपग्रहाचं निरीक्षण ताडून पाहता येतं.

आणि घरी? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात संशोधकांनी १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामानबदलाचा अभ्यासक्रम शिकवला. त्यात परिसरातली प्रत्यक्ष कामं होती आणि मुलांनी पालकांची मुलाखत घ्यायची होती. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांबरोबर पालकांचीही या प्रश्नाबद्दलची आस्था वाढली होती. सर्वांत जास्त फरक पडला तो वडिलांमध्ये आणि पुराणमतवादी राजकीय मतांच्या पालकांमध्ये. त्यातही मुलांपेक्षा मुलींचा प्रभाव अधिक होता. ज्यांच्याशी या विषयावर बोलणं अवघड जातं, त्यांनी आपल्या लेकीचं ऐकून घेतलं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

वृक्षारोपणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. खड्डा, रोप, छायाचित्र, आणि मग कुणी फिरकत नाही. किती रोपं लावली यापेक्षा वर्षानंतर किती जगली, हा प्रश्न मुलांच्या हाती द्यायला हवा. रोपाला क्रमांक द्यावा, दर महिन्याला उंची आणि खोडाचा घेर लिहावा, मेलं तर का मेलं तेही लिहावं. मोठ्या वर्गातली मुलं शाळा सोडून जातात, तेव्हा ही वही खालच्या वर्गाकडे यावी. त्यांनी पहिल्या पानावरची उंची वाचावी, पट्टी घेऊन त्याच रोपापाशी जावं आणि त्याखाली आपला आकडा लिहावा.