जांभा दगड (अंगण व परसातील वापर)

कोकणात अंगणाची कड, आगरातली पाखाडी (दगडी पायवाट), गडगा (दगडी कुंपण), तुळशीवृंदावन यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा तांबडा, सच्छिद्र दगड. उष्ण, भरपूर पावसाच्या हवामानात मूळ खडकातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. त्यांचाच जांभा बनतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील अंगाडीपुरमच्या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते विटेच्या लॅटिन नावावरून.

खाणीतून निघताना चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, ओलसर व मऊ असतो. हवा लागली की टणक होतो. त्यामुळे ताजा चिरा लगेच लावू नये, उघड्यावर वाळू द्यावा. पारख सोपी आहे. ठोकल्यावर खणखणीत वाजणारा चिरा घ्यावा, बद्द वाजणारा परत करावा. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे गोळे दिसले तर तो चिरा पायरीला मुळीच नको: पहिल्या पावसाळ्यात माती धुऊन जाते आणि पायाखाली खळगे उरतात. खाणीत खोल जावे तसा दगड मातकट होत जातो, म्हणून एकाच गाडीतले चिरेही सारखे नसतात. एकेक चिरा पाहून घेण्याचा कंटाळा करू नये.

किनाऱ्यावर खारा वारा हा मोठा शत्रू. छिद्रांत शिरलेल्या मिठाचे स्फटिक होतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. जुन्या गोव्यातील बाँ जेझू बॅसिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. तेव्हापासून उघड्या जांभ्याची झीज ही तिथली खरी चिंता आहे. समुद्रासमोरच्या भिंतीला म्हणूनच चुन्याचा गिलावा चांगला; तो ओल बाहेर पडू देतो.

चालण्याच्या जागेसाठी दगड निवडताना अनवाणी पायाचा विचार आधी करावा. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट एप्रिल-मेच्या दुपारी पाय टेकू देत नाही, आणि पॉलिश केलेला कोणताही दगड पावसात घसरवतो. कोटा वा शहाबादी फरशी हवीच असेल तर खरबरीत पृष्ठभागाची घ्यावी. दोन्ही चुनखडीच्या जातीचे असल्याने त्यांवर कोकम-चिंचेचे डाग पडतात. आमसुले वाळत घालायच्या अंगणात हे ध्यानात ठेवावे.

जांभ्यावर शेवाळ लवकर धरते. पायऱ्यांना पुढच्या बाजूस किंचित उतार दिला तर पाणी साचत नाही. उरलेले शेवाळ उघडीप मिळताच खराट्याने घासून काढतात.