कुंकळ्ळीच्या बारा छत्र्या

दक्षिण गोव्यात फाल्गुनात देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्पा गावाहून कुंकळ्ळीला, आपल्या जुन्या गावी येते. पुढे ढोल-ताशे, गुलाल आणि १२ छत्र्या. ही सोंत्रेओ, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक. एकेक छत्री गावच्या एकेका वांगडाची, म्हणजे मूळ गावकरी कुळाची. या वांगडांत आज हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत, आणि छत्रीचा मान कुळाचा असल्यामुळे ख्रिस्ती गावकरही मिरवणुकीत असतात. गोव्याच्या धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून हे दृश्य नेहमी दाखवले जाते. पण देवी मुळात फातर्प्याला का गेली, हे सहसा कुणी सांगत नाही.

गोव्यातले सासष्टी (कुंकळ्ळी यातच येते) आणि बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगिजांकडे आले. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले, सासष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली. कुंकळ्ळी आणि आसपासची गावे मात्र वाकेनात. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला जेझुइट या ख्रिस्ती संघाचे पाच धर्मोपदेशक सोबतच्या लोकांसह गावात आले. गावकऱ्यांनी त्यांना ठार केले.

त्यांचा प्रमुख होता रुदोल्फ आक्वाव्हिवा. अवघ्या काही महिन्यांपूर्वी तो फत्तेपूर सिक्रीहून परतला होता. तिथे १५८० पासून अकबराच्या दरबारात मुल्ला-मौलवींशी तो धर्मचर्चा करत असे. इबादतखान्यात, म्हणजे अकबराच्या धर्मचर्चेच्या दालनात, वाद घालणारा माणूस कुंकळ्ळीत मेला, कारण इथे चर्चा नव्हतीच. त्याच्या मागे देवळे पाडणारी सत्ता उभी होती, आणि गावाला तीच दिसत होती.

पोर्तुगिजांचा सूड लवकरच आला. बोलणी करायच्या मिषाने गावच्या नायकांना जवळच्या असोळणे गावच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे कापून काढले. परंपरा सांगते की ते १६ होते, त्यांतला एक नदीत उडी टाकून वाचला. गावच्या जमिनीही गेल्या. पुढे त्या एका पोर्तुगीज सरदार घराण्याकडे आल्या. देवीला गावकऱ्यांनी फातर्प्याला नेले. तो भाग तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होता. पोर्तुगीज तिथे पोचले ते थेट अठराव्या शतकात.

मागे राहिलेल्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. नाव बदलले, देव बदलला. वांगोड तोच राहिला. गावकी, शेत, बांध, मान-पान हे सगळे वांगडावर चालायचे, आणि ती ओळख पाद्रीबाबाच्या हातातली नव्हती. म्हणून मला सोंत्रेओला सहिष्णुता म्हणणे पटत नाही. सहिष्णुता परक्याविषयी दाखवतात, इथे तर दोन्हीकडे भाऊबंदच उभे आहेत. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) हिंदू तेल घेऊन जातात, तिथेही नाते जुळवले आहे ते बहिणींचे.

या नात्याला दुसरी बाजूही आहे. कुळाचा मान म्हटला की ज्यांचे कूळ त्यात नाही ते बाहेर. कुंकळ्ळीच्या चर्चमध्येसुद्धा फेस्त कुणी करायचे, कोंफ्रारियात (चर्चच्या बंधुसंघात) कोण बसणार, यावरून गावकर आणि बिगर-गावकर ख्रिश्चनांत वर्षानुवर्षे तंटे झाले. धर्म एक असून ते मिटले नाहीत. सोंत्रेओचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आठवणींचीही वाटणी झाली. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी धन्य घोषित केले, आणि ते पडले तिथे कपेल (छोटे प्रार्थनामंदिर) आहे. असोळण्यात मारल्या गेलेल्या नायकांचा उल्लेख कितीतरी काळ फक्त खुनी म्हणून होत आला. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले ते गोवा मुक्त झाल्यावर अनेक दशकांनी.