‘टिकाऊ’ रंगाचा घोळ

सुपर-रिझोल्यूशनची, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे बारकावे दाखवणाऱ्या तंत्रांची, सुरुवातीची गाजलेली चित्रं बहुतेक थिजवलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशींची होती. 2006 च्या सुमारास पाम आणि स्टॉर्म ही अशी दोन तंत्रं आली तेव्हा सगळी चर्चा सूक्ष्मदर्शकाची. पेशीचे भाग दिसावेत म्हणून लावायचा चमकणारा रंग मात्र हाताशी असेल तो. स्टॉर्ममध्ये रंगाची उघडझाप नीट व्हावी म्हणून द्रावणातला ऑक्सिजन काढून थायॉल हे गंधकयुक्त रसायन घालत. जिवंत पेशीला हे कसं सोसणार?

जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन पेशी स्वतःच बनवते, ही मोठी सोय, पण तीव्र लेझरखाली ते लवकर विझतं. म्हणून वाट वळली ती टॅगकडे, म्हणजे हव्या त्या प्रथिनाला जोडलेल्या, रंग पकडणाऱ्या छोट्या प्रथिनाकडे: 2003 मध्ये स्नॅप, 2008 मध्ये हेलो. पेशीने टॅग बनवायचा, रंग आपण बाहेरून द्यायचा. मग 2013 मध्ये सिलिकॉन रोडामीन हा रंग आला. माझ्या मते खरा टप्पा हाच. तो पेशीपटलातून आत शिरतो, सुटा असताना बराचसा मिटलेल्या, रंगहीन रूपात राहतो आणि टॅगला चिकटला की उजळतो. शिवाय तो लाल प्रकाशावर चालतो, जो पेशीला निळ्याइतका जाचत नाही.

त्यानंतर प्रत्येक नवा रंग ‘फोटोस्टेबल’, म्हणजे प्रकाशात टिकाऊ, ठरू लागला, आणि घोळ इथेच आहे. हा शब्द रंगाबद्दल बोलतो, पेशीबद्दल नाही. चमक निम्मी व्हायला किती वेळ लागला, हे मोजमाप लेझरच्या तीव्रतेनुसार बदलतं. मंद प्रकाशात टिकणारा रंग स्टेड या दुसऱ्या सुपर-रिझोल्यूशन तंत्राच्या तीव्र लेझरच्या माऱ्याखाली टिकेलच असं नाही. फिकट रंग त्याच लेझरखाली कमी फोटॉन देतो, आणि तेवढ्यावर टिकाऊ म्हणून मिरवतो. त्याहून वाईट म्हणजे, रंग शाबूत राहूनही उत्तेजित रेणू ऑक्सिजनला चेतवत राहतो आणि त्यात पेशी होरपळते. ‘दीर्घकाळ’ म्हणजे काय, यावरही एकमत नाही: कोणी मिनिटं मोजतं, कोणी तास, कोणी फ्रेम, म्हणजे टिपलेली चित्रं. किती फ्रेमनंतरही पेशी विभागली, म्हणजे धडधाकट राहिली, हा आकडा बऱ्याचदा दिलेलाच नसतो.

अलीकडची धडपड रंग आणि पेशी या दोन्ही बाजूंनी चालली आहे. काही रंगांना असा रासायनिक गट जोडतात, जो घातक ट्रिप्लेट अवस्था, म्हणजे ऑक्सिजनला चेतवणारी रेणूची लांबलेली उत्तेजित स्थिती, शमवतो. त्यामुळे रंग वाचतो आणि पेशीही. दुसरी युक्ती म्हणजे टॅगवर रंग कायमचा न बसवता येता-जाता ठेवायचा, म्हणजे विझलेल्याची जागा ताजा रेणू घेतो. प्रथिनंही मागे नाहीत. 2022 मध्ये आलेलं स्टेगोल्ड हे चमकणारं प्रथिन विलक्षण चिवट निघालं, फक्त ते जोडीने राहतं आणि ज्या प्रथिनाला लावावं त्याचं वागणं बिघडवू शकतं. त्याची जोडी न करणारी सुटी रूपं 2023 पासून येऊ लागली.