वाचता न येणारी अक्षरं

कागदभर ओळी असतात, ओळींत वळणदार आकार, कुठे वेलांटीसारखा झोका, कुठे कान्यासारखा दंड. आणि तरीही एक शब्द लागत नाही. हस्ताक्षरातून जन्मलेल्या अशा अमूर्त चित्रांना ‘हे काय, कुणीही गिरबटेल’ असं म्हणून लोक पुढे जातात. मला ते फार लागतं, कारण ही वाट ज्यांनी घडवली त्यांतले बहुतेक जण जन्मभर लिहिणारे होते. कोणी कवी, कोणी सुलेखनकार, कोणी कलाशिक्षक.

चीनमध्ये ८व्या शतकात झांग शू आणि हुआयसू यांनी कुंचल्याच्या बेभान वेगाने लिहिलं. अक्षरं एकमेकांत इतकी मिसळत की ती सुटी करणं भल्याभल्यांना जड जाई. मजकूर मात्र तिथे होताच.

आपल्याकडे मजकूर पुसून रेघ उरण्याची गोष्ट रवींद्रनाथ ठाकुरांच्या वहीत घडली. १९२४ साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, ब्युनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रोला, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’तल्या कितीतरी कविता त्या काळातल्या. नको झालेला शब्द ते काट मारून सोडून देत नसत. एक खोडलेली जागा दुसरीला रेघेने जोडत, मधली पोकळी शाईने भरत. बघता बघता चोच निघे, डोळा निघे, ओळखीचा नसलेला एखादा प्राणी पानावर पसरे. ओकाम्पोंना या पानांची भुरळ पडली. १९३०मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यामागे ओकाम्पोंचीच खटपट होती. कवी तेव्हा सत्तरीला टेकला होता! ही चित्रं पुरती अमूर्त नाहीत, हे खरं. पण कविता दुरुस्त करणारा हात त्याच लयीत चित्राकडे वळला, आणि या साऱ्या इतिहासात मला तो क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच सुमारास, १९२७मध्ये, आंरी मिशो या बेल्जियन कवीने कुठल्याच भाषेची नसलेली ‘वर्णमाला’ रेखाटली. पुढे अर्जेंटिनाच्याच मिर्ता देर्मिसाश हिने १९६०च्या दशकापासून पुस्तकंच्या पुस्तकं न वाचता येणाऱ्या लिखाणाने भरली. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९७१मध्ये पत्र लिहून तिच्या कामाला दाद दिली.

भारतात ही वाट रुंद केली के. सी. एस. पणिक्कर यांनी. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे ते प्राचार्य. १९६६मध्ये चोळमंडल हे कलावंतांचं गाव वसवण्यात त्यांचाच पुढाकार. युरोपच्या मागे न जाता आधुनिक कसं व्हायचं, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९६३च्या सुमारास सुरू झालेल्या ‘शब्द आणि चिन्हे’ या मालिकेत त्यांनी जन्मपत्रिकेची घरं, बीजगणितासारखी मांडणी, तंत्रमार्गातल्या आकृत्या आणि मल्याळमचा भास देणारी बारीक अक्षरं एकत्र आणली. जवळ जाऊन वाचू पाहावं तर अर्थ निसटतो, पण जुनी पोथी उघडल्यासारखा दबदबा कायम राहतो. चित्र भारतीय वाटावं म्हणून त्यांना देवादिकांची गरज पडली नाही. पानाची मांडणी आणि लिपीचं वळण पुरलं.

मराठी मुलखातही ही आच होती. र. कृ. जोशी स्वतः कवी, आणि त्यांच्या कवितेत अक्षरांची मांडणी हा आशयाचाच भाग असे. संगणकावरचा देवनागरी ‘मंगल’ टंकही त्यांच्याच हातचा. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास केला आणि मोडी व देवनागरी यांच्या मेळातून ‘मुक्तलिपी’ घडवली. मोडीत तर मुळातच चित्राची बीजं आहेत. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, हात शक्य तितका न उचलता, बोरू पळवायचा. जलद लिहिण्याच्या या गरजेतून आलेले झोके आणि गाठी आज मोडी न येणाऱ्यालाही कागदावर खिळवून ठेवतात.