जोडलेला कणा पुन्हा का वळतो?

"रॉड बसलाय, स्क्रू बसलेत, आता पाठ कुठं वाकतीय?" वाकड्या कण्याचं ऑपरेशन झालं की घरचे असं म्हणून निर्धास्त होतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बरंचसं बरोबर आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराचं तसं नसतं, आणि त्याची हाडंच मुळात वेगळ्या तऱ्हेनं वाढत असतील तर अजिबातच नाही.

मणक्याला पोटाच्या बाजूला जाड गोल ठोकळा असतो आणि मागं हाडाची कमान. पाठीवरून हात फिरवला की बोटांना लागतात ती या कमानींची टोकं. ठोकळ्याच्या वर-खाली कूर्चेचा थर असतो आणि कण्याची उंची तिथून वाढते. फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन, करताना सर्जन बहुधा पाठीमागून जातो, कमानी खरवडून त्यावर हाडाचे तुकडे पसरतो आणि काही महिन्यांत तिथं सलग हाड तयार होतं. मागची वाढ थांबते. पुढची कूर्चा मात्र आपलं काम करतच राहते.

मागून बांधलेले ठोकळे वाढून जाणार कुठं? सरळ वर जायला वाव नाही, म्हणून ते बाजूला सरकतात आणि मागच्या सलग हाडाभोवती फिरतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यानं इंजिनाचा क्रँकशाफ्ट फिरताना पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. मधला अक्ष जागच्या जागी राहतो आणि बाजूला काढलेली पिन वर्तुळ मारते. इथं सलग हाड अक्षाच्या जागी, ठोकळे पिनच्या जागी. फ्रेंच सर्जन ज्याँ द्युबुसे यांनी सहकाऱ्यांसह 1989 मध्ये हा प्रकार याच नावानं मांडला. छातीच्या भागात ठोकळ्यांबरोबर बरगड्याही फिरतात, आणि पोर ओणवं झालं की पाठीची एक बाजू वर आलेली दिसते. एकही स्क्रू हललेला नसतो.

अकॉन्ड्रोप्लेजियात, म्हणजे हात-पाय आखूड राहणाऱ्या बुटकेपणात, अडचण वेगळी. एफजीएफआर3 जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे वाढ रोखणारा संदेश सतत चालू राहतो. तान्ह्या वयात पाठीला पोक असतो. मूल चालू लागलं की बहुतेकांचा तो जातो, काहींचा पाचरीसारख्या मणक्यासह राहतो. मज्जारज्जूची नळीही अरुंद, म्हणून कधी कमानी काढाव्या लागतात. वाढत्या वयात त्या काढून कणा तसाच सोडला तर पोक वाढतो. फ्यूजन केलं पण ते वळणाच्या मध्येच थांबवलं, तर जोडाच्या टोकाचा मणका पुढं झुकतो.

आईनं गरोदरपणी ग्रहण पाळलं की नाही, याचा या बुटकेपणाशी काही संबंध नाही. सुमारे 80 टक्के मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात. बदल नव्यानं घडलेला असतो, तोही बापाच्या शुक्रपेशीत. तरी बोल सुनेलाच, आणि वर उंची वाढवायची पावडर विकणारे तयारच.

क्रँकशाफ्ट टाळायला कधी पुढूनही फ्यूजन करतात. मूल फारच लहान असेल तर फ्यूजन लांबवून वाढते रॉड बसवतात, कारण छाती लवकर जखडली तर फुप्फुसांना जागा पुरत नाही. वाढ किती उरलीय हे जन्मदाखल्यावरून ठरत नाही. खुब्याच्या एक्स-रेत कूर्चा अजून उघडी दिसली तर धोका उरलेला असतो. हाडांच्या विकारात हे वेळापत्रकही पुढं-मागं झालेलं असतं, त्यामुळे ऑपरेशननंतरचे एक्स-रे वाढ पूर्ण होईपर्यंत काढत राहावे लागतात.