बारावीचे ब्याण्णव आणि सीईटीचे ब्याण्णव

बारावीचा निकाल हल्ली मे महिन्यात लागतो, सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, जूनमध्ये. त्या दीड महिन्यात नातेवाइकांचे फोन सुरू असतात. "किती पडले?" "ब्याण्णव." काका लगेच पेढे मागतात. आत्या मात्र "बरं" म्हणून गप्प बसते, कारण तिच्या मुलीला गेल्या वर्षी ब्याण्णववर हवं ते कॉलेज मिळालेलं नसतं. काकांच्या डोक्यात टक्के असतात, आत्याच्या डोक्यात पर्सेंटाइल. मुलांचाही हाच गोंधळ असतो, आणि तो फक्त फोनपुरता राहत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं कशावर किती वेळ घालवायचा, हेसुद्धा त्याच गोंधळातून ठरत जातं.

टक्क्यांचं सोपं आहे. बोर्डात ६०० पैकी ४६८ मिळाले की ७८ टक्के. तुमची उत्तरपत्रिका आणि तपासणारे सर, एवढाच मामला. शेजारच्या बाकावरच्या मुलीला ९५ टक्के पडले म्हणून तुमचे ७८ कमी होत नाहीत. प्रॅक्टिकलचे गुणही त्यातच धरलेले असतात: फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ३०-३०, गणिताचे २०.

पर्सेंटाइलमध्ये मात्र शेजारच्या बाकावरची मुलगीच महत्त्वाची. सीईटी एका दिवसात होत नाही. बरेच दिवस, सकाळ-दुपारच्या शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. कुणाला सोपा येतो, कुणाला रडवणारा. मग नुसते गुण लावून सगळ्यांची एक यादी कशी करणार? म्हणून तुमच्याच शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजतात, त्या शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांनी भागतात आणि १०० ने गुणतात. समजा एका शिफ्टला २०,००० मुलं होती. तुम्हाला २०० पैकी ११० गुण पडले आणि ११० किंवा त्याहून कमी गुण असलेली १८,४०० मुलं निघाली. तुमचं पर्सेंटाइल ९२. टक्के काढले असते तर ५५ झाले असते! आता दुसऱ्या शिफ्टचा पेपर सोपा होता, तिथे ११० पर्यंत अडकलेली मुलं १७,०००च निघाली. तिथल्या ११० गुणवाल्याला ८५. गुण तेवढेच, पण सोप्या पेपरात जास्त मुलं त्याच्या पुढे निघून गेली.

म्हणूनच १०० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी २०० नव्हे. त्या शिफ्टमध्ये तुमच्या पुढे कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक शिफ्टचा पहिला आला की त्याला १००. उलट टोकाचं उदाहरण वैद्यकीयचं आहे. २०२३ मध्ये नीट-पीजीची, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेला बसलेला शेवटचा उमेदवारही पात्र ठरला. त्यावर मत काहीही असो, या आकड्यात गुणांचा मागमूस नसतो हे त्यावरून कळावं.

अभ्यासाच्या दृष्टीने खरा फरक पुढे आहे आणि क्लासच्या फ्लेक्सवर तो कुठेच लिहिलेला नसतो. पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) सीईटीत १५० प्रश्न असतात. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शहाणा मुलगा एकही प्रश्न कोरा सोडत नाही. डोळे मिटून सगळे ठोकले तरी चारातला एक या हिशेबाने सरासरी ५० गुण पडतात. म्हणजे गर्दीची सुरुवातच तिथून होते आणि मधल्या पट्ट्यात मुलं खच्चून भरलेली असतात. या पट्ट्यात पाच-सहा प्रश्न जास्त बरोबर आले की पर्सेंटाइल भराभर चढतं. वर गेल्यावर मुलं विरळ होतात. ९८ वरून ९९ वर जायला मधल्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त गुण ओढून आणावे लागतात. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पर्सेंटाइल ६० वरून ७५ झालं म्हणून पुढच्या महिन्यात ९० होईल, असा हिशेब करणारी मुलं आणि पालक दोघेही मग खट्टू होतात. मॉकचे मूळ गुण वहीत लिहून ठेवा. आपण सुधारतोय की नाही ते त्यावरून समजतं. पर्सेंटाइल कमी दिसलं, तर कदाचित बाकीची मुलं जास्त सुधारली असतील.

आणखी एक. बोर्डात सगळ्यांना येणारा चार गुणांचा प्रश्न तुम्हालाही चार गुण देऊनच जातो. सीईटीत सगळ्यांना येणारा प्रश्न सोडवून तुम्ही मागे तेवढे पडत नाही, पण पुढेही सरकत नाही. पुढे नेतात ते इतरांनी सोडून दिलेले धडे. आणि अकरावीच्या धड्यांइतकं सोडून दिलेलं दुसरं काय असतं? बोर्डाला ते नाहीत, कॉलेजात ते कुणी मनावर घेत नाही. सीईटीत मात्र साधारण २० टक्के भार अकरावीचा असतो, म्हणजे तीसेक प्रश्न. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, हा सल्ला देणाऱ्या दादा-ताईंचं पर्सेंटाइल एकदा विचारून घ्या.

मग बोर्डाचे टक्के गेले उडत? इथेच दुसरी टोकाची चूक होते. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची मेरिट लिस्ट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते हे खरं. पण फॉर्म पात्र ठरायलाच बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के लागतात. ३०० पैकी १३५. अवघड वाटत नाही, पण वर्षभर फक्त एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, केलेल्या मुलाला तीन तास सलग लिहायला बसवलं की हात चालत नाही. ९६ पर्सेंटाइल आणि पीसीएमला ४३ टक्के अशी जोडी असली की ते ९६ वाया जातात.

एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग संस्थांचं, गणित आणखी वेगळं आहे. प्रवेश जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतल्या रँकवर, पण बारावीला ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डातल्या 'टॉप २० पर्सेंटाइल'मध्ये असायला हवं. यात दोन्ही मापं एकाच नियमात आहेत आणि वाचणारे हमखास फसतात. टॉप २० म्हणजे २० पर्सेंटाइल पुरतं असं नव्हे. बोर्डात तुमच्या गटातल्या उत्तीर्णांच्या वरच्या पाचव्या हिश्शात, म्हणजे ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं. ज्या बोर्डात गुण हात राखून दिले जातात, तिथे हा आकडा ७५ टक्क्यांच्या खालीही येऊ शकतो. त्यामुळे ७३ टक्के पडले म्हणून लगेच रडू नका, त्या वर्षीचा बोर्डाचा आकडा आधी बघा.

दरम्यान, नुसत्या टक्क्यांवर चालणारे दरवाजे कमी होत आहेत. बीबीए, बीसीएला २०२४ पासून राज्यात सीईटी आली. बीए, बीकॉम, बीएस्सीला बहुतेक ठिकाणी अजून बारावीचे टक्केच चालतात.

स्कोअरकार्ड हातात आलं की मुलं तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून बघतात आणि एकूण पर्सेंटाइलशी जुळत नाही म्हणून घाबरतात. ते जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून वेगळं काढलेलं असतं. तिन्ही विषयांत ९० च्या आसपास असलेल्याचं एकूण बहुधा ९० च्या वर जातं, कारण तिन्हीकडे सारखा चालणारा मुलगा कमी असतो.

शेवटी कटऑफची पीडीएफ. तिथे जीओपेन्स (खुला गट) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) अशा रकान्याखाली एक मोठा आकडा आणि खाली कंसात दुसरा दिसतो. वरचा मेरिट नंबर, कंसातला पर्सेंटाइल. तुलना कंसातल्या आकड्याशी करावी, कारण मेरिट नंबर त्या वर्षी कॅपला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेला, किती जणांनी अर्ज केले त्यावर हलतो. आणि ऑल इंडियाच्या रकान्यातलं पर्सेंटाइल जेईईचं असतं. खासगी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा तशा भरतात. तुमचे सीईटीचे ९५ घेऊन तिथल्या ९० शी तुलना करून "मिळतंय की!" म्हणू नका. जेईईला देशभरची मुलं बसतात, तिथल्या ९० च्या मागे उभी असलेली मुलंच निराळी. जेईई दिली असेल तर त्या रकान्यासाठी जेईईचं स्कोअरकार्ड काढा, बाकीच्या रकान्यांसाठी सीईटीचं.