अल्कलाइन पाणी आणि जड पाणी : शुगर असलेल्यांच्या हाडांना कशाचा उपयोग?

जळगाव-धुळ्याकडे बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड लागतं. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांना पांढरा थर धरतो. ते नको म्हणून घरात आरओ येतो, आणि हल्ली त्यालाच अल्कलाइन फिल्टरही जोडून मिळतो. शुगरच्या पेशंटला वर सांगितलं जातं, याने हाडं मजबूत होतील.

पण हाडांना लागतं कॅल्शियम, आणि ते असतं जड पाण्यात. अल्कलाइन म्हणजे फक्त पीएच (पाणी किती आम्लीय हे सांगणारा आकडा; 7 च्या खाली आम्लीय) 7 च्या वर, विकतात ते बहुधा 8 ते 9.5. खायचा सोडा टाकला तरी पीएच चढतो. वाढतं ते सोडियम. विक्रेता थेंब टाकून पाणी निळं-जांभळं करून दाखवतो, त्यातून कॅल्शियम किती हे मुळीच कळत नाही.

‘रक्तातलं आम्ल हाडं झिजवतं, अल्कलाइन पाणी ते कमी करतं’ हा विक्रेत्यांचा दावाही तपासून घ्या. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि किडनी 7.35 ते 7.45 च्या दरम्यान धरून ठेवतात. मधुमेहात कीटोॲसिडोसिस (कीटोन नावाची आम्लं रक्तात साठणं) होऊन रक्त खरंच आम्लीय होऊ शकतं, पण तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो; पाण्याने ते उतरत नाही.

जड पाण्याचं मोल मात्र आपण कमी लेखतो. लिटरमागे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं दोन लिटर पाणी प्यायलं, तर मोठ्या माणसाच्या रोजच्या 1000 मिलिग्रॅमपैकी पाचवा हिस्सा आला. आरओ तो जवळजवळ सगळा काढून टाकतो. म्हणून कुठलंही बोअरचं पाणी प्यावं असं नाही; फ्लोराइड, नायट्रेट आधी तपासून घ्यावंच.

टाइप 2 मधुमेहात तर प्रश्न कॅल्शियमच्याही पुढचा आहे. हाडांची घनता तपासणीत चांगली दिसते, तरी हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. वाढलेली साखर हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटून त्याची लवचिकता घालवते. त्यात पाय बधिर, नजर अधू, मध्येच साखर उतरून चक्कर, म्हणजे पडणं आलंच. साखर ताब्यात ठेवणं, रोज चालणं, रात्री उठताना दिवा लावणं, व्हिटॅमिन डी तपासणं, यांवर पैसा आणि लक्ष द्या. नंदुरबारकडची नागली आणि तीळ कॅल्शियमसाठी उत्तम. भाकरीचा आकार मात्र साखर बघून ठरवा.

किडनीवर परिणाम झाला असेल, तर अल्कलाइन पाणी किंवा कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. किडनी थकलेली असताना जादा क्षार बाहेर टाकणं तिला जमत नाही.